लघवी निसटते आणि माणूस घरातच बसून जातो

मागच्या अंकात गुडघ्यांबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की गुडघे आखडले की संडासापर्यंत पोचायला उशीर होतो आणि कपडे ओले होतात, असं कोणाचं होत असेल तर लिहा. गुडघे राहिले बाजूला, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले ते सगळे या ओल्या कपड्यांचेच. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून. आणि जवळपास प्रत्येकात आधी "नाव छापू नका" आणि मग त्रास. म्हणून या वेळेस सगळी पानं याच विषयाला दिलीत. नाव कोणाचंच नाही, गावं पण तालुक्यापुरतीच.

पाचोरा तालुक्यातून एक सून लिहिते

ताई, आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याच म्हणतो, वय ६९. आधी गल्लीत कोणाकडे श्रावणात कानबाई देवी बसली की गाणी म्हणायला पहिलं बोलावणं त्यांनाच. आता तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या दळणाला हात लावत नाहीत, देव्हाऱ्याजवळ येत नाहीत, लग्नाला चला म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणतात. मला वाटायचं माझ्यावर रुसल्या. मग एका रात्री पाणी प्यायला उठले तर त्या मोरीत अंधारात बसून परकर धूत होत्या, लाईट पण लावला नव्हता. मला बघून एवढंच बोलल्या, माले लाज वाटस. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलतच नाहीत. गोधडीला वास येतो, मुलं आजीच्या खोलीत जात नाहीत, मिस्टर म्हणतात तू बोल, मी म्हणते तुमची आई आहे तुम्ही बोला. काय करू?

उत्तर: अगं, आत्या तुझ्यावर रुसलेल्या नाहीत. ज्या बाईने तुला या घरात आल्यावर सोवळं-ओवळं शिकवलं, रोट कसे करायचे, कोणाकडे काय न्यायचं ते शिकवलं, तिला सुनेने मोरीत ओला परकर धुताना बघितलं, आता ती तुझ्याशी डोळ्याला डोळा कशी देणार. आणि लाईट न लावता धूत होत्या म्हणजे हे बऱ्याच दिवसांपासून चालू असणार, कधी उठायचं, कुठे वाळत घालायचं, कोण उठायच्या आत आवरायचं हे सगळं त्यांनी बसवून ठेवलं असणार.

या त्रासात लघवी निसटते दिवसातून दोन-चारदा, पण तिची भीती दिवसभर डोक्यात असते. वास येत असेल का, मागे डाग दिसतोय का, ज्यांच्याकडे जायचं त्यांचा संडास घरात आहे की मागच्या अंगणात, सतरंजीवर खाली बसले आणि उठताना निसटली तर. एवढं मनात घेऊन कोण गाणी म्हणेल? मग माणूस सोपा रस्ता काढतो, गुडघे दुखतात. गुडघेदुखीला मान आहे आपल्याकडे, गुडघे म्हटलं की चार बायका तेल सुचवतात, हे दुसरं सांगितलं तर त्याच चार बायका सरकून बसतील असं वाटतं. हळूहळू बोलावणी बंद होतात, रात्रीची झोप तुटलेली असते त्यामुळे दिवसा चिडचिड, जेवण कमी, आणि घरचे म्हणतात म्हातारी किरकिरी झाली. ओपीडीत इतकी वर्षं बसून माझं मत असं झालंय की लघवीने माणसाचं जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट ती लपवण्याने होतं.

आता बोलायचं कोणी? तूच. मिस्टरांना मध्ये घालू नको, मुलासमोर हा विषय निघाला तर त्या आणखी मिटतील. वेळ सांभाळ. धुणं धुताना नाही, जेवताना नाही, गोधडी हातात धरून तर अजिबात नाही. दुपारी घरात दोघीच असाल, भाजी निवडत बसाल, तेव्हा, नजर भाजीवरच ठेवून. सुरुवात त्यांच्यापासून करू नको, तुझं बाळंतपणानंतर शिंकताना कधी झालं असेल तर ते सांग, पुष्कळ जणींचं होतं त्यामुळे खोटं बोलायची वेळ बहुतेक येणार नाही. नसेल झालं तर सरळ म्हण, आत्या, याच्यावर औषध आहे, छापून आलंय, आपण दोघी जाऊन येऊ. वासाचं नावच काढायचं नाही. आणि मुलं आजीच्या खोलीत का जात नाहीत ते बघ, मोठ्यांपैकी कोणाच्या तरी तोंडून काहीतरी गेल्याशिवाय मुलं असं करत नाहीत.

मग त्यांना हळूच दोन गोष्टी विचार. खोकताना, शिंकताना, कळशी उचलताना निसटते का? की एकदम जोरात लागते आणि मोरीपर्यंत पोचेपर्यंत होऊन जाते? पहिलं असेल तर खालचे स्नायू ढिले पडलेत, दुसरं असेल तर लघवीची पिशवी अर्धी भरली तरी उगाच आवळते. या वयात बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. तीन दिवस वहीत लिहून ठेव, किती वाजता काय प्यायल्या, किती वाजता गेल्या, कधी निसटली. त्यांना लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या तरी चालेल. ही वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या. गोळ्या यासाठी, की बीपीची किंवा पायाच्या सुजेची म्हणून दिलेली गोळी कधी कधी लघवी वाढवणारीच असते, शुगरच्या काही गोळ्या पण लघवीवाटे साखर बाहेर काढतात, मग लघवी जास्त होणारच. तिथे गोळीची वेळ बदलून सुद्धा रात्र सुधारते, फक्त आपल्या मनाने बंद करायची नाही. लघवीची तपासणी आणि शुगर करूनच घ्या. म्हातारपणी लघवीत इन्फेक्शन असलं तरी जळजळ होईलच असं नाही, नुसतं निसटणं वाढतं. पोट साफ होत नसेल तर तेही सांगा, आतडं भरलेलं असलं की ते पिशवीवर दाबतं.

जोरात लागण्याचा प्रकार असेल तर पिशवीला सवय लावतात. म्हणजे आता तासाला जात असतील तर लागली तरी जागच्या जागी बसून, खालून आवळून, दहा मिनिटं थांबायचं, मग पंधरा, असं करत दोन-अडीच तासांवर आणायचं. कमीत कमी सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही आणि तिथेच लोक सोडून देतात. गोळ्या पण आहेत, पण त्यातल्या काही जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, कधी भ्रम झाल्यासारखं वागतात, त्यामुळे मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा सुकते, त्यासाठी आतून लावायची क्रीम मिळते, तिनेही बऱ्याच जणींना फरक पडतो.

घरात एवढं कर: मोरीत रात्रभर जळणारा छोटा बल्ब, मोरीच्या वाटेतलं सामान उचल (अंधारात घाईने जाताना पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या किती तरी आज्या मी बघितल्यात), गादीवर रबरी शीट, त्यावर गोधडी, आणि गोधड्या दोन, एक उन्हात एक अंगाखाली. आपल्याकडच्या उन्हात गोधडी दुपारपर्यंत खडखडीत वाळते. पॅड आणून त्यांच्या कपाटात ठेवून दे, हातात देऊ नको.

आणि कानबाई. त्यांना कोणीच मनाई केली नसेल, त्यांची त्यांनीच केली असेल. श्रावणात कानबाई बसेल तेव्हा आंघोळ करून, पॅड लावून, धुतलेलं लुगडं नेसून त्यांना बसव, पण दाराजवळ बसव, म्हणजे गाणं चालू असताना सुद्धा उठून जाता येईल, आणि खाली नको, पाटावर किंवा खुर्चीवर. मी धर्मशास्त्र सांगणारी नाही, पण पदर पसरून गाणं म्हणणाऱ्या बाईचा परकर तपासणारी देवी मला तरी माहीत नाही.

रावेर तालुक्यातून, वय ७०

मी यावर साधा उपाय काढलाय, दुपारी बारानंतर पाणी पीतच नाही. रात्री एकदाच उठावं लागतं. हे बरोबर आहे ना?

उत्तर: नाही हो आबा! रावेरला राहून मे महिन्यात दुपारी बारानंतर पाणी बंद म्हणजे लघवीचं संकट टाळायला उष्माघात ओढवून घेणं. तिकडे भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि तहान लागल्याची जाणीव वयाबरोबर कमी होत जाते, म्हणजे तुम्हाला कळणार पण नाही. शिवाय पाणी कमी झालं की लघवी पिवळी-घट्ट होते, ती पिशवीला झोंबते, उलट जास्त घाई होते, इन्फेक्शन होतं, शौचाला कडक होतं ते वेगळंच. दिवसभर थोडं थोडं प्या, संध्याकाळपासून कमी करत न्या, झोपायच्या आधी दोन तास बंद. कमी करायचंच असेल तर चहा करा, विशेषतः संध्याकाळचा, आपल्याकडे पाहुणा आला की चहा, गेला की चहा असं असतं. संध्याकाळी पायावर सूज दिसते का बघा. पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर वर येतं आणि रात्रभर उठवतं, त्यासाठी दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र पाणी किती हे तुमच्या डॉक्टरने सांगितलंय तेच पाळा.

धुळ्याहून, निवृत्त शिक्षक, वय ७६

नोकरीत असेपर्यंत इन केल्याशिवाय शाळेत गेलो नाही, आता शर्ट बाहेर असतो आणि पॅन्ट काळीच घालतो. बाहेर पडलो तर हातात पेपर घडी करून धरतो, लोकांना वाटतं वाचनाची आवड. लघवीला बसलो की सुरूच होत नाही, धार बारीक, झाली असं वाटून उठलो की पॅन्टमध्ये दोन-चार थेंब आणि दिवसभर थोडी थोडी गळतच राहते. रात्री चार-पाचदा उठतो, म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो, बायकोला कारण सांगितलं नाही. भजनी मंडळ सोडलं. मुलगी नाशिकला आहे, पंच्याहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट आहे पण मालेगावपर्यंत सुद्धा धीर निघत नाही. बायको म्हणते मुलीवर राग आहे का तुमचा. कधी कधी वाटतं आता पुरे झालं. तुम्ही बाई आहात, विचारू की नको या विचारात महिना गेला.

उत्तर: जिभाऊ, विचारलंत ते फार बरं केलंत, आणि बाई असले तरी आधी डॉक्टर आहे, तेव्हा संकोच नको.

तुम्ही जे लिहिलंय, सुरू व्हायला वेळ, बारीक धार, नंतरचे थेंब, रात्रीचं उठणं, ते वाचून पहिला संशय प्रोस्टेटवर जातो. प्रोस्टेट म्हणजे लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी, ती पुरुषांत वयाबरोबर वाढते, नळी दाबली जाते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. मग घरावरची टाकी भरून वाहायला लागते ना, तसं वरचं वर थोडं थोडं गळतं. म्हणजे तुमची तक्रार गळण्याची आहे पण मुळात लघवी आत अडकतेय, म्हणून नुसतं डायपर लावून बसणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे, किडनीवर ताण येतो. युरोलॉजिस्ट नाहीतर सर्जनकडे जा. ते पोटाची सोनोग्राफी करतील, एकदा लघवी भरलेली असताना आणि एकदा करून आल्यावर, आत किती उरते ते त्यात दिसतं. शौचाच्या जागेतून बोटाने तपासणी, लघवी, शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, जरूर वाटली तर पीएसए नावाची रक्ताची टेस्ट. बऱ्याच जणांचं गोळीवर भागतं, टॅमसुलोसिन वगैरे, ती सुरू केली की झटक्यात उठायचं नाही, चक्कर येते. नाही भागलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, पोट फाडावं लागत नाही.

दोन गोष्टी आजपासून. सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून सर्दीची गोळी घेऊ नका, तिच्यातल्या औषधाने प्रोस्टेटवाल्यांची लघवी पूर्ण अडकू शकते, आणि कधी पूर्ण अडकली, पोट तट्ट फुगून दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना. लघवीतून रक्त दिसलं तरी थांबायचं नाही. दुसरं, त्या शेवटच्या थेंबांसाठी: लघवी झाल्यावर अंडकोषाच्या मागच्या भागावर बोटांनी हलकं दाबून पुढे सरकवत आणा, नळीत उरलेले थेंब तिथेच बाहेर येतात, पॅन्टमध्ये नाही. घाईने उठू नका, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. पुरुषांचे छोटे पॅड पण मिळतात, आतल्या चड्डीत बसतात, तपासणी होईपर्यंत बाहेर जायला तेवढे पुरतात. नाशिकला जाताना पुढची, पॅसेजकडची सीट मागा, चढतानाच कंडक्टरला सांगा की मला मधे एकदा उतरावं लागेल, म्हाताऱ्या माणसाने असं सांगितलं की नाही म्हणणारा कंडक्टर क्वचित.

आता वहिनींचं. तुम्ही काही न सांगता बाहेरच्या खोलीत झोपायला गेलात, भजन सोडलं, मुलीकडे जात नाही, यातून त्यांनी काय काय तर्क काढले असतील याचा अंदाज आहे का तुम्हाला? मुलीवरचा राग हा त्यातला बोलून दाखवलेला एक. न बोललेले असतील, माझ्यावर राग आहे, काही मोठा आजार लपवतायत. इतकी वर्षं शिकवलंत, घरी मात्र एक वाक्य अडलंय. आज रात्री सांगा, प्रोस्टेट आहे वाटतं, उद्या दाखवायला जाऊ. हा शब्द बायकांना ऐकून माहीत असतो, पुढचं त्या सांभाळून घेतील.

आणि "आता पुरे झालं" असं वाटतं ते तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंय, पण मी ते सगळ्यात आधी वाचलं. झोप नाही, माणसं नाहीत, सतत लाज, यातून उदासी येते, आणि तिच्यावर पण उपचार असतात, डॉक्टरला ते वेगळं सांगा. जीव नकोसा वाटण्यापर्यंत विचार जात असतील तर एकटे राहू नका, लगेच वहिनींना किंवा मुलीला सांगा, आणि १४४१६ वर फोन लावा, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा एल्डरलाईनचा नंबर पण आहे. डॉक्टरकडे जाऊन आलात की मला कळवा, वाट बघते.

चोपडा तालुक्यातून, वय ५८

केळीच्या बागेत मजुरीला जाते, पाच बाळंतपणं घरीच झाली. शिंकलं, हसलं, टोपलं डोक्यावर घेतलं की निसटते, संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. सोबतच्या बायका हसवतात आणि मी हसत नाही, त्या म्हणतात तू बदलली. घरी मालक जवळ आले की मीच पाठ करते, ते रागावतात. एका दवाखान्यात सांगितलं तर म्हणे वय झालं बाई, चालायचंच. खरंच का?

उत्तर: नाही, वय झालं म्हणून चालवून घ्यायची ही गोष्ट नाही, आणि ५८ म्हणजे काय वय झालं! खाली उतरल्यासारखं वाटतं म्हणजे अंग बाहेर येत असेल. पाच बाळंतपणं, त्यात ओझं उचलणं, खालचे स्नायू थकतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात बायकांचा विभाग आहे, तिथे जाऊन बाई डॉक्टरला दाखवायचंय असं सांगा. अंग किती खाली आलंय ते बघून व्यायाम, आत बसवायची रिंग नाहीतर ऑपरेशन ठरतं. रिंग दुखत नाही, तिच्यावर कामाला पण जाता येतं.

व्यायाम आजपासून सुरू करता येतो. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो लिहून ठेवला म्हणून त्याला केगल म्हणतात. चारचौघात वारा सरायला लागला की आपण जो भाग आवळून धरतो, तोच भाग आवळायचा आणि वर ओढायचा. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा, असं आठ वेळा, आणि दिवसातून तीनदा. सुरुवातीला दोन आकड्यांपर्यंतच धरलं जाईल, तरी चालेल. झोपून, बसून, बागेत सावलीला टेकलात तरी होतो, कोणाला कळत नाही. लघवी करता करता अडवून व्यायाम करू नका, तसं रोज केलं तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. तीन महिने न चुकता. टोपलं उचलायच्या आणि शिंकायच्या आधी आवळून धरायची सवय लावा, याचा फरक लवकर दिसतो. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून कोरडा खोकला लागला असेल तर तेही सांगा, काही गोळ्यांनी तो लागतो आणि खोकल्याने निसटणं वाढतं, गोळी बदलून मिळते.

मालकांना वाटतंय बाईला आपला कंटाळा आला, कारण तुम्ही कारण दिलेलं नाही. डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, आपल्याकडच्या पुरुषांना बायकोने सांगितलेलं पटत नाही ते डॉक्टरने सांगितलं की लगेच पटतं. बागेतल्या बायकांपैकी जी जवळची असेल तिला एकदा सांगून बघा. मला पैज लावून सांगता येईल की पाचांत एक तरी म्हणेल, माझं पण होतं गं.

शहादा तालुक्यातून, वय ४४

वडिलांना लकवा मारला त्याला दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट. लघवी कळते पण सांगेपर्यंत होऊन जाते. आई नाही, भाऊ पुण्याला, पैसे पाठवतो. बायको करते, पण नानांना सुनेकडून करून घ्यायला लाज वाटते, ते तिचा हात झटकतात, मग मीच करतो. परवा रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी त्यांच्यावर हात उचलला. मारलं नाही, पण उचलला. ते रडले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

उत्तर: दादा, रात्री तीनदा उठून दीड वर्ष चादरी बदलणाऱ्या माणसाला मी काय वाईट बोलणार. पण तो उचललेला हात हा तुमच्या थकव्याचा पुरावा आहे आणि पुढच्या वेळी तो थांबेलच याची खात्री तुम्हालाही नाही, म्हणून व्यवस्था बदलायची ती या आठवड्यातच.

आधी नानांशी बोला. बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं नसतं, तुम्ही स्वतःच लिहिलंय की ते भिंतीकडे वळले. जवळ बसा, चांगल्या हाताला हात लावून म्हणा, नाना, चुकलं माझं, दमलो होतो. यापेक्षा जास्त बोलू नका.

मग पुण्याच्या भावाला फोन. पैसे पाठवतो ते चांगलंच, पण त्याला सांगा की वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येऊन रात्रपाळी कर, किंवा गावात माणूस लावायचे पैसे वेगळे दे. २००७ चा आई-वडिलांच्या सांभाळाचा कायदा सगळ्या मुलांना लागू आहे, तो त्याला वाचून दाखवायची वेळ येऊ नये, पण माहीत असू द्या. आठवड्यातून तीन रात्री तरी तुम्हाला सलग झोप मिळालीच पाहिजे, भाऊ असो, माणूस असो, चुलतभाऊ असो.

नानांना लघवी कळते ही फार मोठी जमेची बाजू आहे. सांगायची वाट बघू नका, उठल्यावर, चहानंतर, जेवणाआधी, झोपताना, असं साधारण दर दोन तासांनी तुम्हीच विचारा आणि भांडं द्या. नाडीचा पायजमा बंद, कमरेला इलॅस्टिक नाहीतर लुंगी. बाजेच्या डाव्या बाजूला, म्हणजे चांगल्या हाताशी, प्लास्टिकचं युरिन पॉट अडकवून ठेवा आणि हाताशी एक घंटी, शेळीच्या गळ्यातली असली तरी चालेल, बोलण्यापेक्षा ती लवकर वाजते. रात्री कंडोम कॅथेटर लावता येतो, बाहेरूनच बसतो, नळी पिशवीत, तुमची पण झोप होते. लावायला दवाखान्यातल्या सिस्टरकडून शिकून घ्या आणि रोज काढून त्वचा बघा. मधेच एकदम प्रमाण वाढलं, ताप आला, बडबड किंवा गुंगी वाढली तर इन्फेक्शन समजून लगेच दाखवा.

सुनेचा हात झटकतात तो राग नाही. करून घेणं त्यांच्या हातात उरलेलं नाही, कोणाकडून करून घ्यायचं एवढंच उरलंय, तेवढं त्यांना ठरवू द्या. बदलताना दार लावा, अंगावर पंचा टाकून खालून बदला, आणि सुरू करायच्या आधी "नाना, बदलू का" विचारा, मान हलेपर्यंत थांबा. पाहुण्यांसमोर डायपर हा शब्द नको. बायकोने त्यांना जेवण भरवावं, पेपर वाचून दाखवावा, म्हणजे तिच्याशी त्यांचं नातं चादरीपुरतं राहणार नाही.

नंदुरबारहून एका ओळीचा प्रश्न

डायपर परवडत नाहीत, धोतराचं कापड चालेल का?

उत्तर: चालेल. जुनं मऊ सुती धोतर किंवा साडी, पाच-सहा घड्या घालून, वरून घट्ट चड्डी. ओलं झालं की लगेच बदला, डायपरपेक्षा कापड लवकर गार पडतं आणि त्वचा सोलते. दर वेळी साध्या पाण्याने पुसून, टिपून कोरडं करा, घासू नका, मग खोबरेल किंवा व्हॅसलीन पातळ लावा. पावडर नको, ओल्यात तिच्या गाठी होतात. कापड गरम पाण्यात साबण लावून धुवा आणि कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात इस्त्री फिरवा. बाहेर जायच्या दिवसापुरता एखादा डायपर घरात ठेवाच, त्या दिवशी तो खर्च जास्त वाटत नाही. कमरेवर, माकडहाडावर लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही तर ती जखमेची सुरुवात आहे, कूस बदलत राहा आणि डॉक्टरला दाखवा.